जुन्या मराठी मासिकाच्या स्कॅनपासून शोधता येणाऱ्या मजकुरापर्यंत: नवख्या संशोधकांसाठी कार्यपद्धती

मराठी साहित्य, इतिहास किंवा समाजशास्त्र या विषयांत संशोधन सुरू केलेल्या विद्यार्थ्याच्या संगणकात वर्षभरात काही हजार छायाचित्रे, निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेले उतारे आणि चार-पाच स्प्रेडशीट सहज जमा होतात. कोणता उतारा कोणत्या पानावरून आला, त्यातील दुरुस्ती मूळ छापील मजकुरात होती की नंतर कोणी केली, आणि प्रबंधात दिलेला आकडा नेमका कोणत्या फाईलमधून निघाला, हे सांगता येत नसेल तर ते काम दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही, आणि वर्षभरानंतर स्वतः संशोधकालाही ते पुन्हा करून दाखवता येत नाही. या अडचणीवर दोन उपाय आहेत. त्यातला पहिला म्हणजे प्रत्येक पायरीचे नियम ठरवून ते लिहून ठेवणे, म्हणजेच प्रमाणीकरण. आणि दुसरा म्हणजे त्या नियमांतील यांत्रिक भाग संगणकाकडे सोपवणे, म्हणजेच स्वयंचलन. हा क्रम उलटा केला की चुका नाहीशा होत नाहीत, त्या फक्त वेगाने आणि एकसारख्या होऊ लागतात.

पुढील विवेचन एकाच उदाहरणावर बेतलेले आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या पुढाकाराने १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाच्या १८७१ सालच्या अंकांचे स्कॅन आपल्या हाती आले आहेत, आणि त्या काळातील गद्याचा अभ्यास करण्यासाठी त्यांतून शोधता येईल असा मजकूर तयार करायचा आहे, असे समजू. हीच पद्धत थोड्या फरकाने शासकीय अहवाल, नाट्यसंहिता किंवा संतवाङ्मयाच्या छापील आवृत्त्या यांनाही लागू पडेल.

काम सुरू करण्यापूर्वी

पहिल्या दिवशी एकही साधन उतरवून न घेता एक पान लिहावे. त्यात संशोधनाचा प्रश्न, त्यासाठी लागणारे अंक आणि अखेरीस हवी असलेली वस्तू एवढेच असावे. शब्दांची वारंवारिता मोजायची असेल तर पूर्ण मजकूर लागतो. परंतु मासिकात कोणत्या विषयांवर किती लेख आले एवढेच पाहायचे असेल तर लेखांची नीट केलेली सूची पुरते आणि अक्षरओळखीचा, म्हणजे प्रतिमेतील अक्षरे यंत्राकडून वाचवून मजकूर करण्याचा, सगळा खटाटोप वाचतो. त्याचप्रमाणे एकूण पाने चाळीस-पन्नासच असतील तर ती हाताने टंकावीत. यंत्राची जुळवाजुळव करण्यात त्याहून अधिक वेळ जाईल.

त्याच पानावर हक्कांविषयी दोन ओळी असाव्यात. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो, त्यामुळे १८७१ च्या मजकुराबाबत सहसा अडचण येत नाही. मात्र ज्या ग्रंथालयाने स्कॅन दिले त्याच्या वापराच्या अटी हा स्वतंत्र विषय आहे आणि त्या आधीच लेखी मागून घ्याव्यात.

मूळ प्रतिमा आणि त्यांची नावे

स्कॅन स्वतः करायचे असतील तर किमान ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) आणि टिफ स्वरूप ठेवावे. बारीक टंकासाठी ४०० डीपीआय बरे. मोबाईलने छायाचित्रे काढली असतील तरीही चालते, मात्र पान सपाट आणि प्रकाश एकसारखा हवा, कारण बांधणीजवळच्या वळलेल्या ओळी पुढे फार त्रास देतात.

फाईलचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्यांतूनच बनवावे. त्यात मोकळी जागा, कंस आणि देवनागरी अक्षरे टाळावीत, कारण जुनी साधने आणि कमांड अशा नावांवर अडतात. आपल्या उदाहरणात नाव ‘व्हीडीव्ही_१८७१_०७_००१२’ असे असू शकते (येथे ते वाचण्यापुरते देवनागरीत दिले आहे): मासिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, महिना आणि चार अंकी प्रतिमाक्रमांक. महिना ‘७’ न लिहिता ‘०७’ लिहिला की फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. हा क्रमांक प्रतिमेचा आहे, छापील पानाचा नव्हे, हे विसरू नये. मुखपृष्ठ, कोरी पाने आणि चुकीचे छापलेले पृष्ठांक यांमुळे दोन्ही क्रमांक लवकरच वेगळे होतात, म्हणून छापील पृष्ठांकाची नोंद सूचीत स्वतंत्र रकान्यात करावी.

फोल्डर तीन पुरेत: मूळ, मधले आणि अंतिम. मूळ फोल्डरातील फाईली ‘केवळ वाचनासाठी’ करून टाकाव्यात आणि त्यानंतर त्यांना हात लावू नये. पान सरळ करणे, कडा कापणे, डाग घालवणे हे सारे मधल्या फोल्डरातील प्रतींवर होते. प्रत्येक मूळ फाईलचा एसएचए-२५६ चेकसम काढून एका साध्या मजकूर फाईलमध्ये साठवावा. चेकसम म्हणजे फाईलमधील प्रत्येक बिटवरून काढलेली आकड्या-अक्षरांची एक ठरावीक ओळख. एक बिट जरी बदलला तरी ती बदलते, त्यामुळे डिस्क खराब झाली किंवा कोणी नकळत फाईल साठवली तर ते लक्षात येते. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी.

सूची: सर्वांत कमी झगमगाटाची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी

अक्षरओळखीच्या यंत्राबद्दल सगळे बोलतात, सूचीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र वेळ अपुरा असेल तर अक्षरओळख सोडावी आणि सूची पूर्ण करावी, कारण चांगल्या सूचीवर उद्या कोणीही मजकूर चढवू शकेल, परंतु सूचीविना मजकूर म्हणजे कोठून आला हे ठाऊक नसलेल्या शब्दांचा ढीग असतो.

सूची स्वल्पविरामाने किंवा टॅबने विभागलेल्या साध्या फाईलमध्ये, युटीएफ-८ संकेतनात (सर्व लिपींची अक्षरे साठवू शकणाऱ्या पद्धतीत) ठेवावी. एका ओळीत एक लेख. लेखाचा क्रमांक, अंक, आरंभीची आणि शेवटची प्रतिमा, छापील पृष्ठे, छापील शीर्षक, छापील लेखकनाम, ओळख पटलेला लेखक आणि शेरा एवढे रकाने सुरुवातीला पुरेत. एका रकान्यात एकच गोष्ट असावी. ‘लेखक अनिश्चित, बहुधा संपादक’ असा मजकूर लेखकाच्या रकान्यात गेला की संगणकाच्या दृष्टीने तो एक नवा लेखक होतो. अशी शंका शेऱ्यात जावी. क्रमशः येणाऱ्या लेखनाला एक सामायिक ओळखक्रमांकही द्यावा. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ मध्ये याच मासिकातून क्रमशः येऊ लागली, आणि असा क्रमांक नसेल तर तिची प्रकरणे सूचीत सुटे लेख म्हणून मोजली जातील.

छापील नाव आणि खरा लेखक वेगळे ठेवण्याचे कारण एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘प्रभाकर’ या पत्रात १८४८ पासून पत्रे आली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. ते गोपाळ हरि देशमुख आहेत ही माहिती आपली, छापील पानाची नव्हे. म्हणून व्यक्तींची वेगळी सूची करून प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा क्रमांक द्यावा, तिची सर्व नामरूपे तेथे लिहावीत, आणि विकिडेटासारख्या सार्वजनिक ठिकाणी त्या व्यक्तीची नोंद असल्यास तिचा ओळखक्रमांकही द्यावा. मुख्य सूचीत मग केवळ व्यक्तिक्रमांक येतो आणि ‘हरि’ की ‘हरी’ हा वाद तिच्याबाहेर राहतो.

तारखांसाठी दोन रकाने अनिवार्य आहेत: पानावर छापलेली तारीख जशीच्या तशी, आणि आपण ठरवलेली इसवी तारीख आयएसओ ८६०१ पद्धतीने, म्हणजे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. केवळ महिना ठाऊक असेल तर केवळ वर्ष-महिना लिहावा. रिकामी जागा भरण्यासाठी ‘०१’ हा दिवस घालणे म्हणजे नसलेली माहिती निर्माण करणे होय. शकावरून इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवणारी स्क्रिप्ट (संगणकाने पार पाडायच्या सूचनांची लहान फाईल) अनेकांनी लिहिली आहे आणि ती चुकीची आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावे लागतात, परंतु १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, म्हणजे शके १७५३ मधील आहे, त्यात ७८ मिळवल्यास १८३१ येते आणि मराठी वृत्तपत्राचा जन्म एका वर्षाने मागे जातो. पेशवेकालीन कागदांकडे वळणाऱ्यांना सुहूर सनाशी गाठ पडते. ते वर्ष मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलते, म्हणून तेथे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवावे लागतात. तिथीवरून नेमका दिवस काढायचा तर अधिक महिना आणि क्षयतिथी आड येतात, तेव्हा जंत्री पाहणे आणि कोणती जंत्री पाहिली ते शेऱ्यात लिहिणे हाच मार्ग आहे.

येथे एक्सेलविषयी सावध करणे आवश्यक आहे. त्याची दिनगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, त्यामुळे १८७१ ची तारीख त्याला तारीख वाटत नाही आणि १९०१ ची वाटते. एकाच रकान्यात निम्म्या नोंदी मजकूर म्हणून आणि निम्म्या तारीख म्हणून बसतात आणि क्रमवारी बिघडते. तारखांचे रकाने आरंभीच ‘मजकूर’ म्हणून ठरवावेत. साधी स्वल्पविरामी फाईल थेट एक्सेलमध्ये उघडल्यास देवनागरीच्या जागी अनाकलनीय चिन्हेही दिसू शकतात. लिबरऑफिस फाईल उघडताना संकेतन विचारते, म्हणून या कामासाठी ते अधिक सुरक्षित आहे.

नामरूपांतील किरकोळ फरक एकत्र आणण्यासाठी ओपनरिफाइन हे विनामूल्य साधन शिकून घ्यावे. त्यात केलेल्या क्रियांचा इतिहास वेगळ्या फाईलमध्ये काढता येतो आणि पुढच्या वर्षीच्या सूचीवर तोच पुन्हा चालवता येतो. ज्यांना प्रोग्रामिंगची भीती वाटते त्यांच्यासाठी स्वयंचलनाची ही पहिली पायरी आहे.

दहा पाने हाताने

यंत्र चालवण्यापूर्वी वेगवेगळ्या अंकांतून दहा पाने निवडून ती स्वतः टंकावीत आणि टंकताना जेथे जेथे थांबावे लागले तेथे नियम लिहावा. छापील चूक तशीच ठेवायची का? ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडायचा का? पानाच्या डोक्यावर दर वेळी येणारे मासिकाचे नाव मजकुरात धरायचे का? श्लोक आणि तळटीपा कशा दाखवायच्या? फाटलेल्या जागी काय लिहायचे? या प्रश्नांची उत्तरे यंत्राला ठाऊक नसतात आणि त्यांतील प्रत्येक उत्तर हा संपादकीय निर्णय असतो. आपला सल्ला असा की मूळ थरात छापील मजकूर अक्षरशः ठेवावा, अनुस्वारांसह आणि चुकांसह. दुरुस्त रूप हवे असल्यास ते त्याच्या शेजारी नोंदवावे. टीईआय ही १९८७ पासून विकसित होत आलेली मजकूर-चिन्हांकनाची पद्धत नेमकी यासाठी उपयोगी पडते: तिच्यात मूळ रूप आणि दुरुस्त रूप जोडीने ठेवता येतात, पान कोठे बदलले हे खुणेने सांगता येते आणि संपूर्ण प्रकल्पाची माहिती फाईलच्या शिरोभागात जाते. टीईआयमधील शेकडो खुणा पाहून नवखा माणूस बिचकतो, परंतु गद्य मासिकासाठी पंधरा-वीस खुणांत काम भागते.

हाताने टंकलेली ही दहा पाने जपून ठेवावीत. पुढे यंत्राची परीक्षा त्यांवरच घ्यायची आहे.

अक्षरओळख

छापील देवनागरीसाठी टेसरॅक्ट हे मुक्त साधन सुरुवातीला योग्य आहे. त्याच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ते न्यूरल जाळ्यावर आधारलेली ओळख वापरते आणि मराठीसाठी स्वतंत्र प्रशिक्षित फाईल उपलब्ध आहे. चालवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पान खिळ्यांनी छापलेले आहे की शिळाछाप आहे. एकोणिसाव्या शतकातील बरीच मराठी पुस्तके शिळेवर हाताने लिहून छापलेली आहेत. ती दिसायला छापील असली तरी यंत्राच्या दृष्टीने हस्तलिखितेच असतात, आणि त्यांच्यासाठी ट्रान्स्क्रिबस किंवा ई-स्क्रिप्टोरियम यांसारखी, स्वतःच्या नमुन्यांवर प्रशिक्षण देता येईल अशी साधने लागतात. दुसरी, पानाची मांडणी. ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या दोन स्तंभांत असे; अशा पानावर मांडणी नीट ओळखली गेली नाही तर यंत्र अर्धी ओळ इंग्रजी आणि अर्धी मराठी असा गोंधळ करते. टेसरॅक्टमध्ये पानाच्या विभागणीचे क्रमांकित प्रकार आहेत. ३ हा आपोआप ठरवणारा, ४ हा एकाच स्तंभाचा आणि ६ हा मजकुराच्या एकसंध चौकटीचा. आपल्या पानांवर तिन्ही चालवून पाहावेत आणि निवडलेला क्रमांक नियमावलीत लिहावा.

निष्पत्ती म्हणून केवळ साधा मजकूर घेऊ नये. प्रत्येक शब्दाचे पानावरील स्थान सांगणारे एचओसीआर किंवा आल्टो स्वरूपही घ्यावे, म्हणजे पुढे एखादा शब्द संशयास्पद वाटला तर त्याची प्रतिमा थेट समोर आणता येते. साधनाची आवृत्ती, प्रशिक्षित फाईलचे नाव आणि निवडलेले पर्याय प्रत्येक वेळी आपोआप नोंदले जातील असे पाहावे.

आता हाताने टंकलेल्या पानांशी तुलना करून चुकांचे प्रमाण काढावे. दोन हजार वर्णांच्या पानावर शंभर ठिकाणी भर, वगळ किंवा बदल करावा लागत असेल तर वर्णदोष ५ टक्के झाला. हा आकडा लहान वाटतो. परंतु सरासरी शब्द पाच वर्णांचा धरला आणि चुका सर्वत्र विखुरलेल्या मानल्या तर जवळजवळ चारातील एक शब्द बिघडलेला असतो आणि शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्याला तो मजकूर जपूनच वापरावा लागतो. देवनागरीत आणखी एक खाच आहे. ‘स्त्री’ हे वाचकासाठी एक अक्षर, पण युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या, हिशेबाने सहा संकेतचिन्हे आहेत. एक वेलांटी चुकली तर एका हिशेबाने सहातील एक चूक होते आणि दुसऱ्या हिशेबाने पूर्ण अक्षर चुकते. कोणता हिशेब वापरला ते सांगितल्याखेरीज हा टक्का जाहीर करू नये.

युनिकोडची साफसफाई, आणि तिचा क्रम

पडद्यावर सारखे दिसणारे दोन मराठी शब्द संगणकासाठी भिन्न असू शकतात, आणि शोधात हाती न लागणाऱ्या नोंदींचे हे एक नेहमीचे कारण असते. म्हणून ही पायरी स्क्रिप्टने करावी, आणि तिच्यातील नियम नेहमी एकाच क्रमाने चालवावेत.

प्रथम सर्व मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणावा. यामुळे र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन चिन्हांनी बनलेला ‘ऱ’ एका चिन्हाचा होतो. त्यानंतर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील रकाराकडे यावे. तो काही फाईलींत ‘ऱ’ व हलन्त असा, तर काहींत साधा ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदीचा अदृश्य जोडक असा लिहिलेला असतो. दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्यावे. हे आधी न करता ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ हा सर्वत्र सुचवला जाणारा नियम चालवला, तर जोडक निघून जातो, रकार रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे निमंत्रण द्यायचे असताना ते ‘आचार्यांना’ जाते. इतर भाषांसाठी लिहिलेली तयार साफसफाईची साधने मराठीवर डोळे मिटून चालवू नयेत ती याचसाठी.

तिसरा नियम ‘ॲ’चा. या अक्षराला स्वतंत्र संकेतस्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधीचा आणि नंतरचाही पुष्कळ मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून टंकलेला आहे. एनएफसी हे दोन प्रकार एक मानत नाही, म्हणून बदल आपल्यालाच लिहावा लागतो. चौथा नियम विसर्गाचा: टंकणारे ‘अंतःकरण’ आणि ‘दुःख’ यांत विसर्गाऐवजी सर्रास कोलन वापरतात. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेला कोलन विसर्ग मानावा. आकड्यांमधला किंवा शब्दाच्या शेवटचा कोलन तसाच राहू द्यावा. दंडाच्या जागी आलेली उभी रेघ आणि इंग्रजी अंकांत मिसळलेले देवनागरी अंक यांसाठीही असेच नियम लागतात. उरलेली अदृश्य चिन्हे काढायची असतील तर ती सर्वांत शेवटी, आणि तीही केवळ शोधासाठीच्या प्रतीतून.

जुन्या सहकाऱ्यांनी श्री-लिपी, कृतिदेव किंवा तत्सम फॉन्टांत टंकलेला मजकूर दिला असेल तर तो मुळात युनिकोड नाही. त्यासाठी परिवर्तक मिळतात, परंतु जोडाक्षरांत आणि रफाराच्या जागेत त्यांच्या चुका होतात. परिवर्तनानंतर मजकुरातील सर्व भिन्न जोडाक्षरांची यादी काढून ती एकदा नजरेखालून घालावी. मराठीत अशक्य असलेली जोडाक्षरे लगेच दिसतात.

शोधासाठी दुसरा थर

१८७१ च्या मजकुरात ‘कांहीं’, ‘तें’, ‘नांव’, ‘घरीं’ अशी रूपे आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीने येणारे आणि अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे आजचा वाचक ‘काही’ शोधतो आणि त्याला काहीही सापडत नाही. यावर उपाय म्हणून मूळ थर न बदलता त्याच्यावरून आधुनिक लेखनाचा दुसरा थर स्क्रिप्टने तयार करावा, आणि शोध दुसऱ्या थरात घेऊन निकाल पहिल्या थरातला दाखवावा.

अनुस्वार सरसकट काढण्याचा मोह टाळावा, नाहीतर ‘संत’ आणि ‘सत’ एक होतील. शब्दाच्या शेवटी ई, ऊ, ए किंवा ओ या स्वरांवर आलेला अनुस्वार काढणे बऱ्यापैकी सुरक्षित आहे. केवळ अकारावर आलेला अंत्य अनुस्वार मात्र ठेवावा, कारण ‘स्वयं’, ‘एवं’ यांसारख्या शब्दांत आणि संवादांतील ‘केलं’, ‘झालं’ या रूपांत तो खरोखर उच्चारला जातो. ‘घरांत’ हा शब्द तर नियमाने सुटतच नाही: जुन्या लेखनात तो एकवचनीही असतो आणि अनेकवचनीही, आणि कोणता ते वाक्य वाचूनच कळते. अशा शब्दांची यादी स्क्रिप्टने काढून द्यावी आणि निर्णय माणसाने करावा. विशेषनामे तर या नियमांतून पूर्णपणे वगळावीत, आणि त्यासाठी व्यक्तिसूचीचा उपयोग होतो.

साखळी जोडणे

वरील पायऱ्या स्वतंत्रपणे नीट चालू लागल्या की मगच त्या एकत्र जोडाव्यात. प्रत्येक पायरीसाठी एक लहान स्क्रिप्ट असावी, तिने एका फोल्डरातून वाचावे आणि दुसऱ्यात लिहावे, आणि आपल्या आधीच्या पायरीची फाईल कधीही बदलू नये. पायथॉन ही भाषा यासाठी सोयीची आहे. सर्व स्क्रिप्ट क्रमाने चालवण्यासाठी मेक हे १९७६ पासूनचे साधन अजूनही उत्तम आहे: कोणती फाईल कोणत्या फाईलीवरून तयार होते हे त्याला एकदा सांगितले की ज्यांचा स्रोत बदलला आहे तेवढ्याच फाईली ते पुन्हा तयार करते. शोधथराचा अनुस्वाराचा नियम बदलला तर सबंध वर्षाची अक्षरओळख पुन्हा करावी लागत नाही. मेक जड वाटल्यास पायऱ्या एकापाठोपाठ चालवणारी दहा ओळींची फाईलही पहिल्या वर्षी पुरते.

नियमावली, स्क्रिप्ट, सूची आणि मजकूर गिट या, फाईलींतील प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ठेवावेत. मोठ्या प्रतिमा ठेवू नयेत. मजकूर छापील ओळीगणिक तोडून साठवला तर कोणत्या दिवशी कोणत्या ओळीत कोणते अक्षर बदलले हे गिट स्पष्ट दाखवते. संपूर्ण परिच्छेद एका ओळीत असेल तर ‘परिच्छेद बदलला’ एवढेच कळते. प्रत्येक नोंदीसोबत कारण लिहावे. ‘दुरुस्त्या केल्या’ हा शेरा निरुपयोगी आहे; ‘नियम ४ बदलला, शब्दान्ती कोलन आता वगळला’ हा उपयोगी.

भाषिक प्रारूपांकडून (मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींकडून) अक्षरओळखीची दुरुस्ती करून घेण्याची सोय आता सहज उपलब्ध आहे आणि ती वापरण्यास हरकत नाही, परंतु त्यांचा एक दोष या कामात विशेष घातक आहे. ती प्रारूपे अस्पष्ट जागी वाचनीय आणि संभाव्य मराठी लिहितात, ‘तें’चे मुकाट्याने ‘ते’ करतात आणि कधी न छापलेला शब्दही भरतात, आणि त्यांची चूक टेसरॅक्टच्या चुकीसारखी ओबडधोबड नसल्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेतून निसटते. म्हणून त्यांची निष्पत्ती वेगळ्या फाईलमध्ये घ्यावी, मूळ निष्पत्तीशी तिची ओळीगणिक तुलना करावी, आणि प्रारूपाचे नाव, आवृत्ती, दिलेली सूचना व दिनांक नोंदवावेत. त्यांचीही परीक्षा त्याच दहा पानांवर घ्यावी.

दुसऱ्याच्या हाती देणे

काम पूर्ण झाल्यावर, किंवा अर्धवट थांबवावे लागल्यावरही, त्या अवस्थेची एक आवृत्ती गोठवून सार्वजनिक भांडारात ठेवावी. सर्न या संस्थेकडून २०१३ पासून चालवले जाणारे झेनोडो विनामूल्य आहे आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) देते, त्यामुळे प्रबंधातील आकडा नेमक्या त्या आवृत्तीशी जोडता येतो. प्रतिमा प्रसिद्ध करण्याची परवानगी नसेल तर मजकूर, सूची आणि स्क्रिप्ट एवढेच ठेवावे आणि प्रतिमांचे चेकसम जोडावेत. ज्याच्याकडे तेच स्कॅन असतील त्याला आपलीच प्रत वापरली होती याची खात्री करता येईल. सोबतच्या वाचाफाईलमध्ये मराठीत आणि शक्य असल्यास इंग्रजीतही स्रोत, हक्क, फोल्डरांची रचना, साधनांच्या आवृत्त्या, मोजलेला वर्णदोष आणि हाताने न तपासलेल्या अंकांची स्पष्ट यादी असावी. ठेवण्यापूर्वी एखाद्या सहाध्यायीला तेवढीच वाचाफाईल देऊन, तोंडी काहीही न सांगता, एका अंकाचा मजकूर त्याच्या संगणकावर नव्याने तयार करायला सांगावे. तो जेथे अडेल तेथली सूचना वाचाफाईलमध्ये वाढवावी आणि मगच आवृत्ती गोठवावी.